वाचले असे समजून

गुरुवार, २८ मार्च

संपली एकदाची! सकाळी अकराला सुरू झालेली सभा संध्याकाळी सव्वासहाला संपली. जेवणाची सुट्टी पाऊण तासाची, ती दीड तास चालली.

अंदाजपत्रकाची सभा म्हणजे वर्षातून एकदा ठरलेलं अजीर्ण. घरपट्टी वाढवायचा प्रस्ताव, वाचनालयांचं अनुदान आणि फूटपाथवर बसून दुरुस्तीची कामं करणाऱ्यांसाठी नवं परवाना धोरण, तिन्ही एकाच दिवशी! घरपट्टी अकरा मिनिटांत उरकली. पोहण्याच्या तलावाला कुठला निळा रंग द्यायचा, यावर मात्र एक तास दहा मिनिटं. एका सदस्याने दुसऱ्याला विचारलं, "तुम्हाला पोहता तरी येतं का?" दुसरा म्हणाला, "नाही, पण तुम्ही बुडालात तर बघायला येईन." मी इतिवृत्तात लिहिलं, 'सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली.'

एकतीस वर्षं महापालिकेच्या सभागृहाची इतिवृत्तं लिहिते आहे. तिथे 'सविस्तर चर्चा', इथे जे झालं ते. ही वही नसती तर मला केव्हाच वेड लागलं असतं. इथे मी आजवर एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही.

उपसूचनांच्या सहा चिठ्ठ्या आल्या. ठरावात कुणाला बदल हवा असेल तर तो चिठ्ठीवर लिहून देतो, महापौरबाई त्यावर 'मान्य' किंवा 'अमान्य' लिहितात आणि चिठ्ठी माझ्या टेबलावर येते. मी वाचते, मग कोपऱ्यात लाल पेन्सिलीने क्रमांक घालते. वाचल्याशिवाय लाल पेन्सिल उचलायची नाही, हा माझा नियम. नव्या मुलींना त्याचा जाच वाटतो. वाटू दे.

परवाना धोरणाच्या चौदाही पानांवर महापौरबाईंनी सह्या केल्या आणि त्या घरी गेल्या. छापखान्याचा माणूस दारात पाय आपटत उभाच होता. पानं त्याच्या हातात दिली, सातला घरी पोचले. लेक आली आहे दोन दिवसांसाठी. बापलेकींच्या गप्पा चालल्या आहेत, मला हाका मारताहेत.

शनिवार, ३० मार्च

लेक परत गेली. घर एकदम मोठं वाटतंय. डोकं दुखतंय.

गुरुवार, २५ एप्रिल

मागच्या सभेचं इतिवृत्त आज कायम झालं. म्हणजे आता ते शेवटचं, त्यात काना मात्रा बदलायची नाही. वेळ किती लागला? चाळीस सेकंद! महापौरबाई म्हणाल्या, "मागील सभेचे इतिवृत्त वाचले असे समजून कायम करण्यात येत आहे." बाकं बडवली. एकावन्न पानं खलास.

मी लागले तेव्हा खरोखर वाचत असत. मग एका महापौरांचा घसा बसला म्हणून एकदा 'वाचले असे समजून' झालं, आणि तेव्हापासून सगळ्यांचेच घसे बसले. तेव्हापासूनची माझी पानं कुणी वाचलेली नाहीत. सचिवसाहेब सही करतात, तीही पंख्याकडे बघत.

छत्रीवाले आज नव्हते. सभागृहातले सगळ्यात जुने सदस्य. कडक ऊन असो की थंडी, हातात छत्री. म्हणून सगळे त्यांना छत्रीवालेच म्हणतात. पंधरा दिवसांपूर्वी अर्धांगाचा झटका आला म्हणे. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. ते असते तर इतिवृत्त चाळून तरी बघितलं असतं.

दोन ग्लास पाणी प्यायले.

सोमवार, २० मे

कचेरीच्या मागच्या फाटकाशी दोघी जावा बसतात. बॅगा, पर्सा, छत्र्या दुरुस्त करतात. थोरलीच्या नावावर परवाना, धाकटी तिच्या जोडीला. धाकटीचा हात चेनी बसवण्यात असा बसला आहे की सगळी कचेरी तिला चेनवालीच म्हणते. चौदा वर्षं बघते आहे. भांडण ऐकलं तर जावा, काम बघितलं तर सख्ख्या बहिणी. एकीने सुई मागायच्या आत दुसरीने पुढे केलेली.

आज जागा रिकामी होती. पहारेकरी म्हणाला, "थोरली काल गेली. पोटाचं दुखणं. चार महिने अंगावर काढलं."

संध्याकाळी पुढच्या फाटकाने घरी आले. जरा लांब पडतं.

सोमवार, १० जून

आज लिहायला बसवत नाही. तरी लिहिते.

परवाना विभागाची खिडकी आमच्या खोलीला लागून. दुपारी तिथे आवाज चढला म्हणून बाहेर आले. चेनवाली उभी. एका हातात थोरलीचा मृत्यूचा दाखला, दुसऱ्या हातात नव्या धोरणाचं छापील पुस्तक. शनिवारी आमच्या माणसांनी तिची पेटी उचलून आणली. सुया, चेनी, छत्रीच्या काड्या, सगळ्यासकट.

खिडकीवरचा म्हणाला, "परवाना त्यांचा होता. माणूस संपला, परवाना संपला. एक जुलैला सोडत आहे. चिठ्ठी टाका, नशीब असेल तर जागा लागेल."

"माझीच जागा मी नशिबावर मागू?"

"तुमची कशी? नाव कुणाचं होतं?"

"चौदा वर्षं बसले मी तिथे! आणि सभेत मंजूर झालं होतं. जोडीला पाच वर्षं काम केलेल्या माणसाला परवाना मिळणार म्हणून. छत्रीवाले साहेब स्वतः येऊन सांगून गेले जाऊबाईंना. दुसऱ्याच दिवशी!"

"मग पुस्तकात दाखवा ना."

पुस्तकात नाही. मला माहीत आहे ते, चौदाही पानं माझ्याच हातची. चेनवालीने पुस्तक उघडलंच नाही. हळूच म्हणाली, "पुस्तक आल्यावर जाऊबाईंनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. त्यांना उठवत नव्हतं. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर म्हणाल्या, 'बनवलं गं आपल्याला त्यांनी. तुझं आता काय होणार?' तेवढंच घेऊन गेल्या त्या."

खिडकीवरचा काही वाईट माणूस नाही. त्याने मान खाली घातली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

मी मधे पडून म्हणाले, "उद्या या. मी बघते."

चेनवालीने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही काय बघणार बाई?" रागाने नाही म्हणाली, खरंच विचारलं तिने.

मंगळवार, ११ जून

सकाळी साडेनऊला, कुणी यायच्या आत, अभिलेख खोली उघडली. सरळ वाचनालय अनुदानाची फाइल काढली. चिठ्ठी त्यातच होती, दोन पावत्यांच्या मधे.

छत्रीवाल्यांचं ठसठशीत अक्षर. 'परवानाधारकाच्या निधनानंतर, त्याच जागी किमान पाच वर्षे सोबत काम केलेल्या व्यक्तीच्या नावे परवाना करावा.' खाली महापौरबाईंचं 'मान्य' आणि सही. कोपऱ्यात लाल सात.

म्हणजे सभागृहाने मान्य केलेली गोष्ट ठरावात आलीच नाही. धोरण अर्धं छापलं गेलं, अर्धं कायम झालं. एवढ्याशा कागदापायी एका बाईची पेटी आमच्या गोदामात पडली आहे!

चिठ्ठी घरी यांना दाखवली. (सोबत आणायला नको होती, नियमाबाहेर आहे. पण तिथे ठेवायचा धीर झाला नाही.) आमचे हे अडतीस वर्षं शाळेत गणित शिकवायचे, अजून प्रत्येक गोष्टीची रीत विचारतात. "अगं, तुमच्या त्या खोलीत हजार फायली. तुला बरोबर तीच कशी सुचली?"

"एकतीस वर्षांचा अनुभव," म्हटलं.

उत्तर बरोबर, रीत दाखवा असा चेहरा केला त्यांनी. मी स्वयंपाकघरात गेले.

काय वाटेल ते झालं तरी एक जुलैच्या आत हे दुरुस्त करायचं. ठरलं.

बुधवार, १२ जून

सचिवसाहेबांपुढे चिठ्ठी ठेवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चिठ्ठी तीच राहिली.

"बाई, निवृत्तीला किती दिवस राहिले तुमचे?"

"एकोणपन्नास."

"डागाशिवाय एकतीस वर्षं काढलीत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. कशाला उघडता?"

"मूठ माझी असली तरी आत पेटी तिची आहे साहेब."

"पेटीचं बघू हो. दंड माफ करून सोडवू." मग आवाज उतरवून म्हणाले, "त्या इतिवृत्तावर माझीही सही आहे. मी वाचलं नव्हतं, हे मी कुणाकुणाला सांगत बसू?"

मला क्षणभर त्यांची दया आली. पण क्षणभरच.

ते म्हणतात ते एक खरं. कायम झालेलं इतिवृत्त लेखनिक बदलू शकत नाही. सदस्याने लेखी सूचना द्यायला हवी, सभेच्या सात दिवस आधी, सचिवांच्या हातात. सभा २७ ला, म्हणजे १९ पर्यंत. "आणि ज्याने मांडली त्याची वाचाच गेली आहे," साहेब म्हणाले. हे सांगताना त्यांना जरा हायसं वाटलेलं दिसलं.

वाचा गेली आहे. माणूस आहे की!

गुरुवार, १३ जून

आमचे हे जेवताना म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण कशाला?" मग ताटं उचलता उचलता म्हणाले, "पण कर."

शनिवार, १५ जून

छत्रीवाल्यांच्या घरी जाऊन आले. सूनबाईंनी दार उघडलं. हसतमुख आहे, पण डोळ्यांखाली काळी वर्तुळं. म्हणाली, "बाबांना सगळं कळतं. फक्त बोलता येत नाही. त्यामुळे घरात आता आम्हीच भांडतो." छत्री खुंटीला होती. नवी काडी बसवलेली, टाका थोरलीचा. मी ओळखते तिचा टाका.

मी चिठ्ठी त्यांच्या मांडीवर ठेवली. सगळं सांगितलं. चेनवालीची पेटी, सोडत, थोरली काय म्हणून गेली ते. ते शेवटचं सांगताना त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला. एकदा, दोनदा. डोळ्यांतून पाणी आलं. त्या बाईला शब्द दिला होता त्यांनी. ती गेली ती त्यांना खोटं समजून.

मग त्यांनी चिठ्ठी डाव्या हाताने जवळ ओढली. बोट हळूहळू सरकवत कोपऱ्यातल्या लाल आकड्यावर आणलं आणि माझ्याकडे बघत राहिले. तीस वर्षं त्या सभागृहात बसलेला माणूस.

"हो, क्रमांक सात," मी म्हणाले.

सूनबाईंनी चहा आणला. चहा नुसता गरम पाणी होता, पण मी सगळा प्यायले.

सूचनेचा मसुदा मी लिहूनच नेला होता. त्यांनी डाव्या हाताने सही केली. सहीला चार मिनिटं लागली. अक्षर कसलं, कोंबडीचे पाय! पण घामाघूम होऊन केली.

मंगळवार, १८ जून

सही चालत नाही!

सचिवसाहेबांनी नमुना सहीचं रजिस्टर काढलं. उजव्या हाताची ती सही, डाव्या हाताची ही. "जुळत नाही बाई. मी काय करू? उद्या कुणी म्हणालं सूनबाईंनी केली, तर?"

"अर्धांग झालेल्या माणसाची सही जुळली असती तर शंका घ्यायला हवी होती साहेब!"

ते हसले. चुकून हसले असणार. पण सूचना परत केली.

नियमावलीची सगळी पानं चाळली. सापडलं. सही जुळत नसल्यास सदस्याने सचिवांच्या समक्ष उपस्थित राहून सूचना द्यावी. उद्या शेवटचा दिवस. सूनबाईंना फोन केला. ती एवढंच म्हणाली, "किती वाजता?"

बुधवार, १९ जून

आज जे झालं त्याचं इतिवृत्त कुणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते.

सूनबाई चार वाजता छत्रीवाल्यांना चाकांच्या खुर्चीतून घेऊन आली. लिफ्ट बंद. गेल्या वर्षी लिफ्टदुरुस्तीचा ठराव झाला आहे, मीच लिहिला आहे. सचिवांची खोली दुसऱ्या मजल्यावर. पहारेकरी नि शिपाई उचलायला तयार होते, पण छत्रीवाल्यांनी मान हलवली. नाही म्हणजे नाही. मानी माणूस!

मी वर गेले. "साहेब, सदस्य आले आहेत. खाली या."

"सूचना माझ्या कार्यालयात द्यायची असते."

"नियमात 'सचिवांच्या समक्ष' आहे. सचिव कुठल्या मजल्यावर असावेत ते लिहिलेलं नाही."

नियमावली त्यांच्यापुढे उघडी धरली. अंगठ्याखाली बरोबर ती ओळ. साहेब बराच वेळ वाचत राहिले. एवढा वेळ त्यांनी माझं काही वाचलेलं मला तरी आठवत नाही. मग उठले, शिक्का घेतला आणि खाली आले.

खुर्ची मागच्या फाटकाशी उभी होती, सावली तिथेच असते म्हणून. थोरलीच्या जागेवर. छत्रीवाल्यांनी मांडीवर छत्री आडवी ठेवली, तिच्यावर कागद ठेवून सगळ्यांदेखत पुन्हा सही केली. कोंबडीचे पाय, हुबेहूब तसेच! साहेबांनी दोन्ही सह्या शेजारी धरल्या. "जुळतात," म्हणाले. शिक्का मारला. चार वाजून पन्नास मिनिटं.

चेनवाली रस्त्याच्या पलीकडे उभी होती. आली नाही. बघत होती.

गुरुवार, २७ जून

घरी आल्या आल्या लिहायला बसले.

विषय क्रमांक चार. मार्च महिन्याच्या इतिवृत्तात दुरुस्ती. पाठीमागच्या बाकांवर पेंगा चालल्या होत्या. महापौरबाई सवयीने म्हणाल्या, "सूचना वाचली असे समजून..."

मी उभी राहिले.

लेखनिकाने सभागृहात बोलायचं नसतं. एकतीस वर्षांत मी त्या टेबलावरून पाणीसुद्धा हाताच्या खुणेने मागवलं आहे. सगळे बघायला लागले. एक जण म्हणाला, "बाईंना बरं वाटत नाहीये का?" मी म्हणाले, "महापौर महोदया, ही वाचू द्यावी. नियमात वाचून असं आहे."

सचिवसाहेबांनी कपाळाला हात लावला. महापौरबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग खुर्चीतल्या छत्रीवाल्यांकडे. (आज पहारेकऱ्यांनी उचलून आणलं, आज त्यांनी मान हलवली नाही.) म्हणाल्या, "वाचा."

वाचली. आवाज पहिल्या ओळीला फाटला, मग लागला. चिठ्ठी वाचली. त्यावरचं 'मान्य' वाचलं, महापौरबाईंना स्वतःचीच सही ओळखायला दिली. शेवटी माझ्या खुलाशाची ओळ. 'सदर उपसूचना लेखनिकाकडून अनवधानाने ठरावात समाविष्ट करावयाची राहिली. याची सर्वस्वी जबाबदारी लेखनिकाची आहे.'

तलावाच्या निळ्या रंगावर तास घालवणाऱ्यांपैकी एक सदस्य उठले, म्हणाले, "म्हणजे आम्ही जे कायम केलं ते आम्ही केलंच नव्हतं?" हशा पिकला. मग कुणीतरी म्हणालं, "अजून काय काय कायम केलंय आपण?" तेव्हा कुणी हसलं नाही.

मतदान हात वर करून. पहिला हात छत्रीवाल्यांचा. डावा. मग एकेक करत सगळे. मी मोजले, मोजणं माझंच काम. एकही विरोधी नाही.

वर प्रेक्षकांच्या सज्जात चेनवाली बसली होती. तिने दोन्ही हात वर केले होते! तिला मत नाही हे तिला कुणी सांगितलं नसावं. मी मोजले नाहीत, पण बघितले.

सोमवार, १ जुलै

सोडत झाली. मागच्या फाटकाची जागा यादीतून वगळली होती. मी तीनदा यादी बघून आले.

शुक्रवार, ५ जुलै

चेनवालीच्या नावाने परवाना निघाला. पेटी गोदामातून मिळाली. दोन सुया गंजल्या, कात्री गायब. आमच्या गोदामात जाऊन एवढंच गायब झालं, हे नशीबच! खिडकीवरच्याने स्वतःच्या खिशातून नवी कात्री आणून दिली. कुणाला सांगू नका म्हणाला, म्हणून इथे लिहिते.

सोमवार, १५ जुलै

माझी चौकशी. तिघे अधिकारी, तिघेही माझ्या हाताखालून शिकून गेलेले. मला बसायला सांगतानाच त्यांना घाम फुटला होता.

एकाने विचारलं, "बाई, चिठ्ठीवर लाल पेन्सिलीचा क्रमांक आहे. म्हणजे ती तुमच्या हातात आली होती?"

"हातात आली होती."

"मग वाचली नव्हती?"

"सवयीने घातला असेल आकडा. दिवसभराची दमणूक होती."

तिघांनी सुटकेचा निःश्वास टाकला. एक म्हणाला, "माणूस आहे, चुकतो." चौकशीच्या अहवालात 'अनवधानाने' लिहिलं गेलं, त्याखाली लाल रेघ. शिक्षा काय, तर समज. तोंडी! एवढ्याने भागलं.

आमचे हे म्हणाले, "सुटलीस." मी म्हटलं, हो.

मंगळवार, ३० जुलै

निरोप समारंभ. भाषणं! सचिवसाहेब म्हणाले, "स्वतःची चूक भर सभागृहात उभं राहून सांगणारी कर्मचारी मी दुसरी पाहिली नाही. प्रामाणिकपणा काय असतो हे नव्या पिढीने बाईंकडून शिकावं." टाळ्या. आणि एक गोष्ट खरीच चांगली झाली. यापुढे इतिवृत्त वाचून कायम करायचं असं ठरलं. सगळे 'छे, केवढा वेळ जाईल' म्हणत होते, पण ठरलं.

निघताना मागच्या फाटकाने आले. किती दिवसांनी! चेनवालीने माझ्या खांद्यावरची पर्स नुसती ओढूनच घेतली. "चेन कधीची अडकते तुमची, मी बघत होते." दहा मिनिटांत नवी बसवली. पैसे घेईना. मी पुढे केले तर रागावली.

मग म्हणाली, "एकच रुखरुख आहे बाई. जाऊबाईंना कळायला हवं होतं, की कुणी बनवलं नव्हतं म्हणून. साधी चूक होती."

पर्स घेतली, आले.

गुरुवार, १ ऑगस्ट

सात चिठ्ठ्या आल्या होत्या. मार्चच्या पानावर मी सहा लिहिलं आहे.

सातवी महापौरबाईंच्या टेबलावरच राहिली होती, ती शिपायाने साडेसहाला आणून दिली. मी ती वाचली. नीट, दोनदा. मग लाल पेन्सिलीने आकडा घातला. चौदा पानांवर सह्या झाल्या होत्या, महापौरबाई गेल्या होत्या, छापखान्याचा माणूस दारात होता आणि घरी लेक आली होती. पुढच्या महिन्यात दुरुस्ती घालू म्हटलं आणि चिठ्ठी अनुदानाच्या फाइलीत सरकवली. पुढच्या महिन्यात गप्प बसले. कोण वाचतंय?

थोरली मेमध्ये गेली.

वही पर्समध्ये घातली आहे. चेन नीट लागते. चेनवाली दहाला येऊन बसते. हे पान तिला वाचून दाखवणार आहे. मोठ्याने.